तोफ आली, गोळे कुठून आणायचे?

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी युक्रेनच्या सैन्याने अवदिइव्का सोडले. डोनेत्स्कला लागून असलेले हे शहर २०१४ पासून आघाडीवर तग धरून होते. ते पडण्याची कारणे अनेक होती. रशियाचे संख्याबळ मोठे होते, विमानांतून जड ग्लाइड बॉम्ब पडत होते, कित्येक तुकड्यांना महिनोन्‌महिने बदली मिळालेली नव्हती. पण त्या हिवाळ्यात तोफखान्याकडून एक तक्रार सतत येत होती. समोर शत्रू जमताना दिसतो आहे, तोफ ठीक आहे, अंतरही टप्प्यात आहे, फक्त मारायला गोळे नाहीत. माघारीची बातमी आली त्याच दिवशी व्हाइट हाउसने तिचे खापर दारूगोळ्याच्या टंचाईवर फोडले आणि टंचाईचे खापर अमेरिकी काँग्रेसवर.

त्या आरोपात तथ्य होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनसाठी मागितलेला निधी मेक्सिकोच्या सीमेवरून चाललेल्या अंतर्गत वादात अडकून पडला होता. अखेर २० एप्रिल २०२४ रोजी प्रतिनिधिगृहाने सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली आणि चार दिवसांनी त्यावर सही झाली. मधले सहा महिने युक्रेनच्या तोफा गोळे मोजून चालवल्या गेल्या. दुसऱ्याच्या शस्त्रांवर लढणाऱ्या देशाची लढाई दुसऱ्याच्या संसदेच्या कामकाजाला बांधलेली असते, हे त्या सहा महिन्यांत उघड झाले. पण पैसे मंजूर झाले म्हणून लगेच गोळे येतात असेही नाही. त्यासाठी गोळा कसा तयार होतो ते आधी पाहावे लागते.

या युद्धात सर्वाधिक चर्चा झाली ती १५५ मिलिमीटरच्या गोळ्याची. नाटो देशांच्या मोठ्या तोफांचे हे ठरलेले माप आहे. असा एक गोळा साधारण ४५ किलोचा असतो आणि त्याच्या पोटात प्रकारानुसार सात ते अकरा किलो स्फोटक भरलेले असते. मात्र तेवढ्याने तोफ उडत नाही. पोलादी गोळा, त्याच्या टोकाला बसणारा फ्यूज, त्याला नळीतून बाहेर फेकणारी ज्वालाग्राही दारू आणि ती पेटवणारा प्रायमर, अशा चार वस्तू लागतात. त्या वेगवेगळ्या कारखान्यांत, कधी वेगवेगळ्या देशांत तयार होतात. त्यांतली एक उशिरा पोचली की उरलेल्या तीन नुसत्या कोठारात पडून राहतात.

अमेरिकेत या गोळ्यांची पोलादी कवचे तयार होण्याचे एक मुख्य ठिकाण म्हणजे पेनसिल्वेनियातील स्क्रँटन. कारखान्याची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेची वाफेची इंजिने दुरुस्त करण्यासाठी बांधलेली. तिथे पोलादाच्या जाड कांबी येतात, त्यांचे तुकडे होतात, भट्टीत ते लालबुंद तापवले जातात आणि प्रचंड दाबाखाली पोकळ केले जातात. मग टोक आवळायचे, लेथवर घासायचे, खालच्या बाजूला तांब्याचा पट्टा बसवायचा. नळीच्या आतल्या आटेदार खाचांना घट्ट पकडून हा पट्टा गोळ्याला फिरकी देतो आणि त्यामुळे गोळा हवेत सरळ जातो. ही रिकामी कवचे नंतर आयोवा राज्यातल्या कारखान्यात जातात. तिथे वितळवलेले स्फोटक ओतले जाते, सावकाश थंड केले जाते आणि आत कुठे पोकळी राहिली नाही ना, हे क्ष-किरणांनी तपासले जाते. पोकळी राहिलेला गोळा नळीतच फुटू शकतो, म्हणजे तो शत्रूआधी आपलेच गोलंदाज मारतो. म्हणून हे थंड करण्याचे आणि तपासण्याचे काम कुणाच्याही घाईने लवकर उरकत नाही.

आता त्या स्फोटकाकडे वळू. टीएनटी हे नाव शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण जगातली सर्वांत बलाढ्य लष्करी सत्ता असलेल्या अमेरिकेने स्वतःचे टीएनटी बनवणे १९८६ मध्येच थांबवले होते. ते बनवताना विषारी लाल सांडपाणी निघते, त्याची विल्हेवाट महाग पडते आणि बाहेरून विकत घेणे स्वस्त पडत होते. २०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणाने पूर्ण युद्ध सुरू झाले तेव्हा नाटोच्या गोटात टीएनटीचा मोठा कारखाना मुख्यतः एकच होता, पोलंडमधल्या बिदगॉश्च शहरात. पूर्व युक्रेनमधले रुबिझ्ने हे स्फोटकांच्या कारखान्याचे गाव मे २०२२ मध्ये रशियाच्या ताब्यात गेले. अमेरिकेने केंटकी राज्यात नवा टीएनटी कारखाना उभारण्याचे कंत्राट दिले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, युद्धाला अडीच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. कंत्राटानंतर कारखाना, कारखान्यानंतर चाचण्या, आणि त्यानंतर कुठे गोळ्यात भरायचे टीएनटी.

गोळा फेकणाऱ्या दारूची कथा तर आपल्या विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. या दारूचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि त्याचा उत्तम कच्चा माल म्हणजे जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहिलेला आखूड तंतू, लिंटर. या तंतूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की झटकन पेटणारा पदार्थ तयार होतो. युरोपात कापूस फारसा पिकत नाही, त्यामुळे तिथल्या दारूच्या कारखान्यांसाठी लिंटरचा मोठा पुरवठादार ठरला चीन. रशियाविरुद्ध वापरायच्या गोळ्यांच्या कच्च्या मालासाठी रशियाच्याच जवळच्या मित्राकडे पाहण्याची वेळ युरोपवर आली.

ही अवस्था एका रात्रीत आलेली नव्हती. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या सरकारांनी तोफखाने कमी केले आणि दारूगोळ्याच्या मागण्या जेमतेम सरावापुरत्या ठेवल्या. इराक आणि अफगाणिस्तानातल्या प्रदीर्घ मोहिमांत समोरच्या बाजूला मोठा तोफखाना नव्हता आणि आकाश पूर्णपणे अमेरिकेच्या ताब्यात होते. त्यामुळे गोळे कमी लागले आणि कमीच लागतात असा समज पक्का झाला. युक्रेन युद्धापूर्वी अमेरिका १५५ मिमीचे सुमारे १४ हजार गोळे महिन्याला बनवत होती. मार्च २०२३ च्या सुमारास युक्रेनचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांनी युरोपीय देशांना कळवले की आपले सैन्य या मापाचे सरासरी १ लाख १० हजार गोळे महिन्याला वापरते, आणि महिन्याला अडीच लाख गोळ्यांची मागणी केली. हिशेब मांडून पाहा. अमेरिकेचे युद्धापूर्वीचे महिन्याभराचे उत्पादन युक्रेनला चार दिवससुद्धा पुरले नसते. नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले की मोठ्या मापाचा दारूगोळा मागवल्यास मिळायला पूर्वी १२ महिने लागत, आता २८ लागतात.

ब्रिटनने ही चूक शंभर वर्षांपूर्वी करून पाहिली होती. मे १९१५ मध्ये ऑबर्स रिजच्या लढाईत अपुऱ्या तोफमाऱ्यामुळे ब्रिटिश पायदळाची कत्तल झाली, ‘टाइम्स’ने गोळ्यांच्या टंचाईची बातमी छापली आणि त्या महिन्यातच पंतप्रधान अस्क्विथ यांना संमिश्र सरकार बनवावे लागले. लॉइड जॉर्ज यांच्याकडे दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते आले, कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला लागल्या. हा इतिहास युरोपातल्या लष्करांना अनोळखी नाही. तरीही २०२२ हे युद्धाचे पहिले वर्ष जवळजवळ वाया गेले. कारखानदार म्हणत होते, आम्हाला दहा वर्षांच्या मागण्या द्या, म्हणजे नवी यंत्रे घेऊ. सरकारे म्हणत होती, आधी युद्ध किती चालते ते पाहू. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख गोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा त्यातले निम्मेच पोचले होते. या दिरंगाईला माझ्या मते क्षमा नाही, कारण ती माहितीच्या अभावी झालेली नव्हती. टंचाई होणार हे सर्वांना दिसत होते, तिची किंमत फक्त दुसरे कुणी मोजत होते.

युक्रेनची स्वतःची कोठारे कुठे गेली, हा प्रश्न इथे साहजिक आहे. सोव्हिएत काळातला १५२ आणि १२२ मिमीचा अफाट साठा या देशाला वारशाने मिळाला होता. पण २०१५ ते २०१८ या काळात स्वातोवे, बालाक्लिया, कालिनिव्का आणि इच्न्या इथली दारूगोळ्याची भांडारे एकामागून एक स्फोटांनी उद्ध्वस्त झाली. मार्च २०१७ मधील बालाक्लियाच्या स्फोटानंतर सुमारे २० हजार लोकांना घरे सोडावी लागली आणि युक्रेनने घातपाताचा आरोप केला. त्याआधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या व्र्बेतित्से इथले भांडार उडाले होते आणि त्यात दोन जण मेले होते. चेक सरकारने २०२१ मध्ये त्याचा ठपका रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेवर ठेवला, रशियाने तो नाकारला. उरलेला सोव्हिएत मापाचा साठा २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत बहुतांश संपला. हे गोळे बनवणारा सर्वांत मोठा देश खुद्द शत्रूच होता. म्हणून युक्रेनला युद्धाच्या मधोमध आपला तोफखाना १५५ मिमीकडे वळवावा लागला.

मग सुरू झाली जगभरातली शोधाशोध. अमेरिकेने इस्रायलमध्ये ठेवलेल्या आपल्या राखीव साठ्यातून गोळे उचलले. युद्धात थेट शस्त्रे द्यायची नाहीत असे धोरण असलेल्या दक्षिण कोरियाने अमेरिकेला गोळे दिले आणि त्यामुळे अमेरिकेचे गोळे युक्रेनसाठी मोकळे झाले. ही मदत युरोपातल्या सर्व देशांच्या एकत्रित पुरवठ्याहून मोठी होती, असे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने लिहिले. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने क्लस्टर प्रकारचे, म्हणजे हवेत उघडून छोटे बॉम्ब विखुरणारे गोळेसुद्धा दिले. साध्या गोळ्यांचे उत्पादन वाढेपर्यंतची सोय म्हणून, असे बायडेन यांनी स्वतः सांगितले. न फुटता मागे राहणाऱ्या त्यांच्या छोट्या बॉम्बांमुळे युद्धानंतरही मुले आणि शेतकरी मरतात, म्हणून शंभराहून अधिक देशांनी ते वर्ज्य केले आहेत. टंचाई माणसाला कुठल्या निर्णयापर्यंत नेते, ते इथे दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष पेत्र पावेल यांनी म्युनिकच्या परिषदेत जाहीर केले की युरोपाबाहेर १५५ मिमीचे ५ लाख आणि १२२ मिमीचे ३ लाख गोळे सापडले आहेत, फक्त पैसे द्या. स्वतः नाटोत वरच्या पदावर काम केलेल्या या माजी सेनाधिकाऱ्याच्या पुढाकाराने त्या वर्षी खरोखर मोठा पुरवठा झाला.

परदेशी शस्त्राबरोबर परदेशी अटी येतात, त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीच्या गेपार्ड तोफांचे आहे. रणगाड्यासारख्या गाडीवर बसवलेल्या या जोडतोफा इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनविरुद्ध अतिशय उपयोगी ठरल्या. ड्रोन पाडायला लाखो डॉलरचे क्षेपणास्त्र न लागता काही गोळ्यांत काम होते. पण त्यांचे ३५ मिमीचे गोळे स्वित्झर्लंडमध्ये बनलेले. तटस्थतेचा कायदा पुढे करून स्विस सरकारने ते युक्रेनला देण्याची परवानगी जर्मनीला नाकारली. शेवटी जर्मनीला आपल्या भूमीवर नवे उत्पादन सुरू करावे लागले आणि त्याची पहिली खेप पोचली सप्टेंबर २०२३ मध्ये. जुलै २०२५ च्या आरंभीही असेच घडले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःचे साठे कमी झाल्याचे सांगून काही शस्त्रांचा पुरवठा रोखला, त्यात पॅट्रियट हवाई संरक्षण यंत्रणेची क्षेपणास्त्रेही होती. काही दिवसांत निर्णय फिरला. त्या दिवसांत कीव्हवर रात्रीचे हल्ले चालूच होते.

मदतीत आलेल्या तोफांचीही एक अडचण होती, जिच्याकडे बातम्यांत कमी लक्ष गेले. अमेरिकेची एम-७७७, जर्मनीची पँझरहाउबिट्स, फ्रान्सची सीझर, पोलंडची क्राब, ब्रिटनची एएस-९०, स्वीडनची आर्चर. माप सगळ्यांचे १५५, पण सुटे भाग वेगळे, दारूच्या पिशव्या वेगळ्या, मारा करण्याची कोष्टके वेगळी. एका देशाचा गोळा दुसऱ्याच्या तोफेत बसतो, पण तो नेमका कुठे पडेल याचा हिशेब नव्याने करावा लागतो. शिवाय नळी झिजते. काही हजार गोळ्यांनंतर ती बदलावी लागते, आणि अशी नळी घडवू शकणारे कारखाने जगात मोजकेच. दुरुस्तीसाठी तोफा पोलंड, स्लोव्हाकियापर्यंत न्याव्या लागत आणि तेवढे दिवस आघाडीवरची जागा रिकामी राहत असे.

रशियाचा साठा मोठा होता, कारखाने चालू होते, तरी टंचाई त्यालाही चुकली नाही. ५ मे २०२३ रोजी वाग्नर या भाडोत्री फौजेचा प्रमुख येवगेनी प्रिगोझिन आपल्या मृत सैनिकांच्या प्रेतांसमोर उभा राहून संरक्षणमंत्री आणि सरसेनापतींना गोळे न दिल्याबद्दल शिव्या देत असल्याचे जगाने पाहिले. पुढच्याच महिन्यात त्याने बंड केले. नंतर उत्तर कोरियाच्या राजिन बंदरातून जहाजे भरभरून गोळे रशियाला जाऊ लागले आणि इराणकडून घेतलेल्या शाहेद ड्रोनचे उत्पादन तातारस्तानात येलाबुगा इथे सुरू झाले. फरक इतकाच की रशियाला पुरवठा करणाऱ्या देशांत संसदेत अडणारी विधेयके नव्हती.

गोळ्यांच्या दुष्काळातून युक्रेनने स्वतःची वाट काढली ती ड्रोनची. चष्म्यातून चित्र पाहत चालवायचे, काहीशे डॉलरचे, स्फोटक बांधलेले छोटे ड्रोन. २०२४ मध्ये देशातच १० लाखांहून अधिक बनले. पण त्यांच्या मोटारी, बॅटऱ्या आणि कॅमेऱ्यांचा मोठा हिस्सा पुन्हा चीनमधून येतो. आणि धुके, जोराचा वारा किंवा जॅमिंग असेल तिथे आजही तोफच लागते. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ पर्यंत युक्रेनला १५५ मिमीचे ३० लाखांहून अधिक गोळे दिले. महिन्याला १ लाख गोळे बनवण्याचे तिचे लक्ष्य मात्र ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले नाही.

हे सारे दूरच्या देशाचे म्हणून सोडून देता येणार नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. टायगर हिलच्या लढाईत एका दिवसात सुमारे नऊ हजार. त्या विजयाचा कणा म्हणजे बोफोर्स तोफ, तीही १५५ मिमीचीच. तिच्या सौद्याच्या वादानंतर ती बनवणाऱ्या कंपनीशी व्यवहार बंद झाले, तंत्रज्ञान हस्तांतराची कागदपत्रे देशात असून वर्षानुवर्षे वापरली गेली नाहीत, आणि युद्ध लागल्यावर इस्रायल, दक्षिण आफ्रिकेकडून तातडीने दारूगोळा मागवावा लागला. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेद प्रकाश मलिक यांनी जे हाताशी आहे त्यानिशी लढू असे सांगितले, आणि सैन्य तसेच लढले. तरी त्यानंतर अठरा वर्षांनी, २०१७ मध्ये, ‘कॅग’च्या अहवालात नोंद झाली की तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा दारूगोळा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. बहुतेक प्रकारांचा दारूगोळा आता देशातच बनतो, असे लष्कर सांगते. मार्च २०२५ मध्ये ३०७ स्वदेशी एटॅग्स तोफांचा करार झाला, त्यात पुण्याची भारत फोर्ज आहे. नव्या प्रत्येक तोफेमागे गोळ्यांची गरज वाढणार.

या साखळीतला मोठा भाग महाराष्ट्रात आहे. आयुध निर्माणींच्या पुनर्रचनेनंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया ही सरकारी कंपनी खडकीहून चालते. अंबाझरीला गोळ्यांची कवचे बनतात, भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत ती भरली जातात, भंडाऱ्याला दारू आणि स्फोटके तयार होतात, वरणगावला काडतुसे, आणि पुलगावला देशातले सर्वांत मोठे भांडार आहे. युक्रेनमध्ये भारतीय गोळे युरोपमार्गे पोचल्याची बातमी सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने दिली. परराष्ट्र मंत्रालयाने ती तर्कावर आधारलेली म्हणून फेटाळली. पण जगाची नजर या कारखान्यांकडे वळली आहे, हे खरे. मागणी वाढली की कामाचा वेग वाढतो आणि धोकाही. मे २०१६ मध्ये पुलगावच्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक जण गेले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मरण पावले.

यापुढे संरक्षण अर्थसंकल्पाची बातमी वाचाल तेव्हा विमाने आणि तोफा किती घेतल्या एवढ्यावर थांबू नका. दारूगोळा किती दिवसांचा आहे, त्यातली दारू आणि फ्यूज कुठून येतात, आणि तो भरणाऱ्या कामगाराच्या सुरक्षेवर किती खर्च झाला, हे तीन प्रश्न आपल्या खासदाराला विचारा. ते विचारण्याचा अधिकार भंडारा आणि पुलगावच्या लोकांना सर्वांत आधी आहे, आणि त्यांच्या बाजूने उभे राहणे हे बाकीच्यांचे काम आहे.